एक कढई, पाच रिपोर्ट : घरातल्या कुणाला काय कमी पडतं?

शुभ्रपेशी (धागाकर्ती) | रविवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बरीच वर्षं रक्त काढते आहे, त्यामुळे लोकांच्या शिरा आणि त्यांचे बहाणे दोन्ही पटकन सापडतात. अलीकडे 'फॅमिली पॅकेज'ची चलती आहे. कुणाचा साठावा वाढदिवस, कुठे दिवाळीची ऑफर, की अख्खं घर एका सकाळी तपासून घेतात. पूर्वी एकेकट्याचा रिपोर्ट यायचा. आता एका घराचे पाच कागद एकापाठोपाठ प्रिंटरमधून निघतात, आणि ते शेजारी शेजारी ठेवले की जे दिसतं त्यासाठी हा धागा.

नमुन्यादाखल एक घर घ्या. (खरं एक घर नाही. बऱ्याच घरांतले आकडे जोडून केलेलं आहे, ओळखायला जाऊ नका.)

आजोबा ७४. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.२, हिमोग्लोबिन ठीक, बी-१२ तळाला. मधुमेहाची गोळी जुनी.
आजी ६९. साखर छान, व्हिटॅमिन डी ११, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) खालच्या काठावर. वर्षभरात वजन उतरलंय आणि घरचे म्हणतात, 'आई कशी मस्त बारीक झाली!'
मुलगा ४४. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८०, एसजीपीटी (यकृताची चाचणी) वाढलेलं, पोट पट्ट्याबाहेर.
सून ३९. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन (साठवणीतलं लोह) ६.
नात १६. हिमोग्लोबिन १०.४, बी-१२ १५०.

पाचही जण एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात. सुई टोचताना लक्ष दुसरीकडे वळवायला मी विचारत असते, काय खाता, काय टाळता. तर नातीला प्रोटीन, फायबर, ग्लायसेमिक इंडेक्स सगळं तोंडपाठ. मुलाने दोनदा कीटो करून सोडलंय. आजोबांनी साखर 'कडक बंद' केलीये, फक्त चहात गूळ घालतात. सुनेला तर प्रत्येकाचं पथ्य पाठ. म्हणजे माहितीचा तुटवडा कुणाकडेच नाही, तरी कागदावर प्रत्येकाचं काही ना काही लाल अक्षरात. तुमच्या घरात काय चित्र आहे? वय सांगून लिहिलंत तर बरं.

चहाबाज | रविवार, दुपारी ३:५२

वाखूसा (वाचनखूण साठवली). बाकी आमचे आजोबा रोज अर्धी वाटी तूप खायचे, चहात दोन चमचे साखर, ९१ वर्षं जगले. कसलं बी-१२ नि कसलं डी. सगळं लॅबवाल्यांचं पोटपाणी. (ताई, हलके घ्या.)

आडवाट | रविवार, दुपारी ४:२०

@चहाबाज, आजोबा ९१ वर्षं जगले म्हणून त्यांची गोष्ट सांगायला तुम्ही इथे आहात. त्यांची भावंडं किती जन्मली आणि त्यातली किती मोठी झाली, विचारा घरात एकदा. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास देशाचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. आणि ते तूप खाऊन आजोबा दिवसभर काय करायचे? मोट हाकायचे की एक्सेल शीट?

चहाबाज | रविवार, दुपारी ४:३१

मोट. मुद्दा आहे.

सुगरण_नाही | रविवार, रात्री १०:४५

वय ४१. या धाग्यातली सून मीच समजा, फेरिटिन ६ ऐवजी ८ एवढाच फरक.

ताई, तुम्ही माहितीचं विचारलंत. मला सगळी माहिती आहे. पालेभाजीत लोह असतं, डाळीत प्रथिनं असतात, सगळं शाळेत शिकलेय आणि मुलीच्या पुस्तकातून परत शिकलेय. आता संध्याकाळ ऐका. सासऱ्यांची आमटी आधी अळणी काढून ठेवायची, मग बाकीच्यांना मीठ. नवऱ्याला भात नको, म्हणून दोन भाकऱ्या जास्त. धाकट्याला पालक दिसला की उलटी येते, म्हणून त्याच्यापुरतं पनीर. एक जुडी मेथी आणली तरी निवडून, धुऊन, शिजून उरते केवढी? तिघांना वाढेपर्यंत पळीला कढईचा तळ लागतो. मग मी पोळीने कढई पुसते, वर लोणचं, की झालं जेवण. सकाळची पोळी उरलेली असेल तर तीच, टाकवत नाही. आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर पहिल्यांदा बूड टेकतं, तेव्हा चहा लागतोच.

कुणी मला 'खाऊ नको' म्हणत नाही हो. घरातली माणसं चांगली आहेत. पण वाढणारी मी आणि संपणारी भाजी, यात कुणाचं लक्ष जात नाही. भरीला गुरुवार, चतुर्थी, दोन एकादश्या.

वांगीभात | रविवार, रात्री ११:०२

+१. अक्षर न् अक्षर.

पिठीभाकरी | रविवार, रात्री ११:१५

+१००. आमच्याकडे अंडी डझनाने येतात आणि मी सोडून सगळे खातात. मी शाकाहारी नाही, विशेष म्हणजे.

स्टेथो_उशाला | सोमवार, सकाळी ७:०५

ओपीडीच्या आधी लिहून टाकतो. सुगरण_नाही ताई, चहा तासभर पुढे ढकला. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको असं म्हटलंय. भाजीवर लिंबू पिळा, त्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतीतलं लोह शोषायला मदत करतं. पण फेरिटिन एक आकडी असताना लिंबू, बीट आणि खजूर यांच्या भरवशावर राहू नका. (बिटाची कीर्ती तर निव्वळ रंगावर आहे.) गोळी घ्या, आणि हिमोग्लोबिन वर आलं की लगेच बंद करू नका. कोठार भरायला पुढे काही महिने लागतात. पाळीत रक्त जास्त जात असेल तर आधी ते दाखवा. नुसत्या आहाराच्या नावाने खापर फोडण्यात बायकांची वर्षं जातात.

तुम्ही सांगितलेलं चित्र गणितातही दिसतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह आणि बाईला २९. १६ ते १८ वयाच्या मुलीला ३२. म्हणजे घरात ज्या दोघींना सगळ्यात जास्त हवं, त्यातली एक कढई पुसून जेवते आणि दुसरी बहुधा डबा तसाच परत आणते.

आणि धाग्यातल्या सुनेचा एचबीए१सी जर ५.९ वगैरे आला असेल तर 'प्री-डायबेटिस' म्हणून लगेच घाबरू नका. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटा वर दिसू शकतो. आधी लोह भरून काढा, सोबत उपाशीपोटीची साखर पाहा. ती १०० च्या आत असेल तर निवांत राहा.

तळटीप | सोमवार, सकाळी ११:३०

आकड्यांची चर्चा चाललीये म्हणून थोडं खोलात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. चौथ्या फेरीत तो ४८ टक्के होता. देशाचा आकडा ५७, आणि पुरुषांचा २५.

पण एक लक्षात घ्या. त्या सर्वेक्षणात बोटाला टोचून रक्त घेतात. २०१६-१८ मध्ये मुलांचं आणि किशोरांचं वेगळं राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं, त्यात शिरेतून रक्त घेतलं. तिथे १ ते ४ वयाच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के, ५ ते ९ मध्ये २४ आणि १० ते १९ मध्ये २८ निघाला. जवळपास त्याच काळातल्या बोटटोच सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा ५८ च्या पुढे होता. पद्धत बदलली की एवढा फरक. त्यामुळे 'अमुक टक्के भारत रक्तहीन' असे मथळे मी जरा जपून वाचतो.

मला त्यातले वयानुसारचे आकडे जास्त बोलके वाटले. बी-१२ ची कमतरता १ ते ४ मध्ये १४ टक्के, ५ ते ९ मध्ये १७, आणि किशोरवयात ३१. डी जीवनसत्त्वही तसंच, १४, १८, २४. लहानपणी आई मागे धावून भरवते, पुढे दप्तर आणि खिशात पैसे येतात, आणि आलेख खाली जातो. किशोरांमध्येही मुलींत रक्तक्षय ४० टक्के आणि मुलांत १८.

झेडपी_गुरुजी | सोमवार, रात्री ८:४०

आदिवासी पट्ट्यातल्या शाळेवर आहे. किशोरी मुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी असते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. आम्ही सोमवारी देतो. पूर्वी हातात ठेवून पुढे जायचो. एकदा खिडकीखाली पाहिलं तर झेंडूच्या वाफ्यात निळा सडा. विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी आमच्या मॅडमनी वर्गातल्या मुलांना मैदानावर पाठवून मुलींना विचारलं. गोळी खाल्ली की पोटात मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि घरी कुणीतरी सांगितलेलं की या गोळीने पुढे मूल होत नाही. मळमळण्याचं कारण साधं होतं, मुली सकाळी उपाशी यायच्या आणि गोळी पहिल्या तासाला. आता मधल्या सुट्टीतल्या खिचडीनंतर देतो. काळं होणं नेहमीचं आहे हे सगळ्यांदेखत सांगतो. वाफ्यात आता गोळ्या सापडत नाहीत.

जंताची गोळीही विसरू नका, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. जंत असतील तर वरून घातलेलं लोह कुणाच्या पोटात जाणार?

२०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं सुरू झालं तेव्हा त्या दिवशीचा पट भरलेला असायचा. २०२५ च्या जानेवारीत शासनाने अंड्याचा वेगळा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आमच्या पाड्यावर लोकवर्गणी कुठून काढू? गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, ती जिथे नीट चालते तिथे फरक दिसतो. बाई घरी नेऊन वाटून टाकत नाही, तिथेच बसून जेवते. सुगरण_नाही ताईंची अडचण सरकारला निदान कागदावर तरी कळलेली दिसते.

पण खरी गफलत त्याच्याही आधी आहे. सहा महिने ते दोन वर्षं. वाडीवर जा, रडणाऱ्या बाळाच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा नाहीतर कुरकुरीत पाकीट. शहरातही तेच, फक्त पाकीट महाग. तळटीप यांनी सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत या वयाच्या शंभरात जेमतेम अकरा मुलांना पुरेसा आहार मिळत होता. नाचणीचं सत्त्व, भाताची पेज, मऊ वरणात चमचाभर तेल, कुस्करलेलं अंडं, हे कुठल्याही घरात होऊ शकतं. पण भरवायला बसावं लागतं, आणि आई मजुरीला जाते.

बल्क_सीझन | सोमवार, रात्री ११:५५

वय २४. काका-काकू लोकांनो, राग मानू नका, पण तुमचा 'सकस वरणभात' मी वजनकाट्यावर तोललाय. आमच्या घरी चौघांच्या वरणाला मूठभर तूरडाळ पडते. माणशी कोरडी १५ ग्रॅमसुद्धा येत नाही. म्हणजे प्रोटीन तीन ग्रॅम, बाकी हळदीचं पाणी. मी ६८ किलोचा. किलोमागे ०.८३ ग्रॅमने, म्हणजे आयसीएमआरच्या हिशोबाने, मला ५६ ग्रॅम पाहिजे. म्हणून पावडर घेतो. आईला वाटतं ते स्टेरॉइड आहे.

पिठीभाकरी | मंगळवार, सकाळी ९:१०

@बल्क_सीझन, बाळा, वरण पातळ आहे हे मान्य. पण तू भाकरी मोजलीच नाहीस. एका भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, त्यात सहा-सात ग्रॅम प्रोटीन असतं. त्यात मटकीची उसळ, ताक, मूठभर शेंगदाणे घाल की निम्म्याच्या वर हिशोब लागला. आणि मुठीच्या जागी दोन मुठी डाळ घाल म्हणून आईला सांगण्यापेक्षा एक दिवस तूच वरण लाव. ती पावडर पाण्यात ढवळतोस तेवढ्याच वेळात कुकर लागतो.

बल्क_सीझन | मंगळवार, सकाळी ९:४४

भाकरीचा पॉइंट मान्य काकू. कुकरची भीती वाटते.

शुभ्रपेशी | मंगळवार, दुपारी १:२०

@बल्क_सीझन, क्रिएटिन (जिमवाल्यांची पावडर) घेत असशील तर तपासणीला येताना सांग. क्रिएटिनिन थोडं वर दिसतं आणि मग घरात किडनी-किडनी सुरू होतं. तुझ्या वयाच्या मुलींची वेगळी गंमत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात आणि सांगत नाहीत. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची चाचणी) खोटं कमी येतं.

आणि एक. कागदावरची 'नॉर्मल रेंज' बऱ्याच ठिकाणी मोठ्यांचीच छापलेली असते. परवा एक आई तेरा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट घेऊन रडवेली होऊन आली, अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्यांच्या दुपटीने. नेटवर वाचून थेट यकृताच्या आजारापर्यंत पोचली होती. मुलाची पँट घोट्याच्या वर गेलेली. हाडं वाढत असतात तेव्हा ते वाढलेलंच असतं! आमच्या सरांनी समजावून पाठवलं.

स्टेथो_उशाला | मंगळवार, दुपारी २:१५

म्हातारपणी याच्या उलट फसगत होते. आजींचं क्रिएटिनिन ०.९, रेंजमध्ये, सगळे खूश. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि स्नायूच उरले नसतील तर किडनी मंदावलेली असूनही आकडा गोड दिसतो. म्हणून वयाच्या हिशोबाने काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) पाहायचा. धाग्यातल्या आजी 'मस्त बारीक' झाल्यात त्याची मला आजोबांच्या ७.२ पेक्षा जास्त काळजी वाटते. ठरवून न करता उतरलेलं वजन या वयात तपासून घ्यावं. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का ते पाहा, फुकटची चाचणी आहे.

आजोबांचं बी-१२: मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं कमी होतं, त्यात शाकाहार आणि वय. पायाला मुंग्या येत असतील तर सगळंच साखरेच्या खात्यावर टाकू नका.

निवृत्त_नाना | मंगळवार, सायंकाळी ५:३०

वय ७६. एकटा राहतो. मुलगा परदेशी, डबा लावलेला आहे. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो : दात. माझी वरची कवळी सैल आहे. भाकरी चावत नाही, शेंगदाणे कवळीखाली जातात, काकडी-गाजर विसरलो, मटण तर स्वप्नात. राहिलं काय? दूधभात, चहा-पोळी, शिरा, उपमा, केळं. माझ्या वयाच्या सगळ्या मित्रांचं हेच. डॉक्टर म्हणतात प्रोटीन खा, सॅलड खा. आधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवा की राव! रात्री एकट्यासाठी ताट घ्यायचा कंटाळा येतो, मग दूध-बिस्किट. ज्ञान म्हणाल तर साठ वर्षं पेपर वाचतोय.

स्टेथो_उशाला | मंगळवार, रात्री ९:००

नाना, शंभर टक्के मान्य. मी स्वतः आता विचारायला लागेन. तोवर मऊ गोष्टींत प्रोटीन : मुगाचं धिरडं, मऊ पनीर, दही, अंड्याची भुर्जी, सोयाबीन पीठ कणकेत मिसळून, दाण्याचं कूट. किडनीचा त्रास नसेल तर तुमच्या वयाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असावं असं तज्ज्ञ सांगतात, तरुणांपेक्षा जास्तच.

पट्टा_सैल | बुधवार, दुपारी १२:४०

वय ४३, हिंजवडी. मुलगा, ४४, हजर आहे. पण माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३.५, बारीक हातपाय, फक्त पोट. ट्रायग्लिसराइड २४०, एचबीए१सी ६.१. लठ्ठ मित्राचे रिपोर्ट माझ्यापेक्षा बरे, हा कुठला न्याय?

तेलाचा हिशोब केला. पोषण संस्थेच्या २,००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे, म्हणजे महिन्याला माणशी ८०० ग्रॅमच्या आसपास. आमच्या तिघांच्या घरी पाच लिटरचा डबा महिनाभर टिकत नाही, तूप वेगळं आणि कँटीन, वीकेंडची ऑर्डर त्याहून वेगळी.

स्टेथो_उशाला | बुधवार, दुपारी ३:३०

तुमच्यासारख्यांवर पुण्यातच जगाला माहीत झालेलं काम झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या आत हवी. टेप काट्यापेक्षा खरं बोलतो.

त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ च्या आसपास. पण वजन कमी असूनही चरबी तितकी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. ज्या आयांनी पालेभाज्या, फळं, दूध जास्त खाल्लं त्यांची बाळं बरी भरलेली. म्हणजे पट्टा_सैल साहेब, तुमच्या पोटाची गोष्ट हिंजवडीच्या कँटीनच्या आधी, तुमच्या आईच्या ताटापासून सुरू होते.

सुगरण_नाही | बुधवार, दुपारी ४:०५

म्हणजे फिरून कढईपाशीच आलो. मुलीला या महिन्यापासून माझ्याबरोबर जेवायला बसवतेय आणि भाजी आधीच पाच वाट्यांत काढून ठेवते. सासरे म्हणाले हॉटेलसारखं वाटतं. वाटू दे.

मांडवीकाठ | बुधवार, रात्री ८:१५

गोव्याकडून. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मधुमेह अभ्यासात देशाचं प्रमाण ११.४ टक्के आणि आमचं २६.४, देशात पहिला नंबर. लोक हुमण-भाताला दोष देतात, पण मासळी तीच आहे. बदललाय तो भाताचा ढीग आणि चालणं. पूर्वी शेतात, तारवावर राबून आलेला माणूस उकडा तांदूळ पोटभर जेवायचा. आता स्कूटरवरून कचेरीत जाऊन तेवढाच जेवतो, सकाळ-संध्याकाळ पाव वेगळा.

लेस्टरची_माई | बुधवार, रात्री ११:४०

इथे इंग्लंडमध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाला दर पाच वर्षांनी मोफत आरोग्य तपासणी असते. आपल्या लोकांना बीएमआयची रेघ २३ आणि २७.५ वर, गोऱ्यांपेक्षा खाली. हिवाळ्यात सगळ्यांनाच डी ची गोळी घ्यायला सांगतात. गंमत म्हणजे भारतात दिवसभर ऊन असून माझ्या बहिणीचं डी माझ्यापेक्षा कमी.

निवृत्त_नाना | गुरुवार, सकाळी ६:३०

डॉक्टरसाहेब, एक राहिलं. मधुमेहाची गोळी चालू आहे. एकादशीला मी फक्त साबुदाणा आणि चहा घेतो. मागच्या खेपेला दुपारी दरदरून घाम सुटला, हात थरथरले. साखर वाढली असेल का?

स्टेथो_उशाला | गुरुवार, सकाळी ७:१०

नाना, ते बहुतेक उलट आहे, साखर घसरली असणार. गोळीचं नाव ग्लिमेपिराइड किंवा तसलं असेल तर उपाशी राहून ती घेणं धोक्याचं. पुढच्या एकादशीआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या. असं पुन्हा झालं तर उपास बाजूला ठेवून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रोटीन नावालाही नाही. आधी साखर उडवतो, नंतर तुम्हाला उपाशी ठेवतो. उपास करायचाच तर राजगिरा, दही, दाण्याची आमटी आणि वरी घ्या.

वांगीभात | गुरुवार, सकाळी ११:००

शुभ्रपेशी ताई, मग कुठल्या वयात काय तपासायचं ते एकदा सांगून टाका. आमच्याकडे ८४ टेस्टचं पॅकेज गळ्यात मारतायत.

शुभ्रपेशी | गुरुवार, दुपारी २:३०

लॅबमधली असून सांगते, ८४ टेस्ट नकोत. एवढं तपासलं की काहीतरी एक लाल येतंच आणि मग त्याच्यामागे धावपळ. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, पण मी माझ्या घरात काय करते ते लिहिते. लहान मूल नीट वाढत असेल तर सुई नाहीच, वजन-उंचीचा तक्ता पाहायचा. पाळी सुरू झालेल्या मुलीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), कमी आला तर फेरिटिन, आणि शाकाहारी असेल तर बी-१२. तिशीनंतर कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी). घरात मधुमेह असेल तर याच्याही आधी. घरातल्या बाईचा सीबीसी दरवर्षी, ती 'मला काही होत नाही' म्हणाली तरी. साठीपुढे क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर, बी-१२, आणि दर महिन्याला त्याच काट्यावर वजन.

साखरेच्या नमुन्याला राखाडी टोपीची नळी वापरली का ते बघत जा. साध्या नळीत रक्त तासन् तास पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा कमी येतो. घरून नमुना नेणाऱ्यांकडे हे हमखास चुकतं.

आणि उपाशी म्हणजे चहा, कॉफी, लिंबूपाणी काही नाही. साधं पाणी मात्र भरपूर पिऊन या, शीर लवकर सापडते.